उधव्याची शहाणी

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. जुन्या खोलीत खडूची पूड साठते तसे ते साठतात. कोपऱ्यात पडून असतात, आणि एखाद्या दिवशी झटकायला गेलं की नाकातोंडात जातात. माझ्याकडे असे बरेच आहेत, आणि जवळजवळ सगळे एकाच खोलीतले, एकाच संख्येभोवतीचे.

खोली म्हणजे तलासरी तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळ, उधव्याच्या एका शाळेतली जुनी प्रयोगशाळा. २०१६ साली मी नुकतीच गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते, एका छोट्या संस्थेतर्फे तिथे शिकवायला गेले होते, आणि सहा-आठ महिन्यांत देशातलं गणिताचं शिक्षण सुधारून टाकायचा माझा बेत होता. शाळेतले वसंत सर तिथलेच, डोंगराकडच्या पाड्यातल्या भात-नागली पिकवणाऱ्या घरातले. त्यांनी माझा बेत शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "यात रविवारची सुट्टी आहे ना?"

नव्हती. रविवारीच तर आम्ही गणित मंडळ सुरू केलं. सर स्वतःच पहिल्या दिवशी माझ्याआधी येऊन कुलूप उघडून बसले होते.

हेडसरांनी खोली दिली, पण अटीवर. वसतिगृहाच्या गाद्या ठेवायला त्यांना जागा हवी होती आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. ते म्हणाले, "हिवाळ्यात डहाणूला शाळांचं प्रदर्शन असतं. तिथे दाखवण्यासारखं काही काढलंत तर खोली तुमची. नाहीतर गाद्या आत."

गावात फळा असलेली आणि रविवारी उघडी राहील अशी दुसरी जागा नव्हती. खोली गेली की मंडळ गेलं, हे सगळ्यांना कळत होतं. सगळ्यांत जास्त सुनीताला. ही आठवीतली मुलगी घरी वारली बोलायची आणि शाळेतली मराठी चुकेल या धास्तीने वर्गात तोंडच उघडायची नाही. रविवारी मात्र बोलायची. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "फळ्यावरच्या आकड्यांचं मराठी कोण तपासत नाही, ताई."

•

तर ती संख्या.

पहिल्याच रविवारी मी मूळ संख्या घेतल्या. म्हणजे ज्यांना एक आणि त्या स्वतः सोडून दुसऱ्या कुणाने भाग जात नाही अशा. दोन, तीन, पाच, सात, अकरा. शंभरापर्यंतच्या त्याच दिवशी संपवायच्या, असं मी मनात ठरवलं होतं. एकोणीसपर्यंत पोचलो आणि महेशने हात वर केला. महेश सातवीपर्यंत हद्दीपलीकडच्या गुजराती शाळेत शिकलेला, यंदाच आमच्याकडे आलेला. त्याने विचारलं, "ताई, या सगळ्यांना एकदम चालेल अशी एखादी संख्या असते का? कोणच नाराज नाही अशी?"

मला पुढे जायची घाई होती. वसंत सर मागच्या बाकावरून म्हणाले, "बनवूया की."

गुणत गेलो. बे त्रिक सहा. सहा पंचे तीस. सातने गुणलं, दोनशे दहा. अकराने, दोन हजार तीनशे दहा. तेराने, तीस हजार तीस. इथे कुणीतरी शिट्टी मारली. सतराने, पाच लाख दहा हजार पाचशे दहा. एकोणीसने गुणायला सगळी खोली फळ्यापाशी गोळा झाली होती, आणि उत्तर आलं ९६९९६९०. आठही मूळ संख्यांनी नि:शेष भाग जाणारी, आणि तशी सगळ्यांत लहान.

पुढे अनेकांनी विचारलं की एकोणीसवरच का थांबलात. मी काहीतरी शास्त्रीय कारण जुळवायला लागायचे. सर मधेच सांगून टाकायचे, "तिथे फळा संपला."

•

शहाण्णव लाख नव्व्याण्णव हजार सहाशे नव्वद. एवढं दरवेळी कोण म्हणणार? दुसऱ्या रविवारपर्यंत मुलींनी तिचं "शहाणी" करून टाकलं होतं. "ताई, आज शहाणीला चारने भागून बघू?" चारने भाग जात नाही, कारण दोन तिच्यात एकदाच आहे. नऊने जात नाही, पंचवीसनेही नाही. कुठल्याच वर्गसंख्येने जात नाही. एकेकाला एकदाच घेणारी बाई.

महेशला शहाणी नाव पटेना. तो आकडे मनात अजून गुजरातीतच वाचायचा. त्याने फळ्यापुढे उभं राहून ठणकावून वाचलं, "छन्नु लाख नव्वाणु हजार छसो नेवु." मुली हसून लोळायच्या बाकी राहिल्या. तो चिडला. म्हणाला, "तुमची असेल शहाणी. आमची छन्नु आहे."

भांडण वाढणार, इतक्यात सर म्हणाले, "अरे, एकच आहे ती. माहेरचं नाव छन्नु, सासरचं शहाणी."

वाद मिटला तो कायमचा. वर महेश माहेरचा माणूस म्हणून त्यानंतर जरा तोऱ्यातच वावरायला लागला.

•

हेडसर एकदा पाहणीला आले. हात मागे बांधून फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "छान. पण उपयोग काय?"

हा प्रश्न ऐकला की माझं डोकं तापायचं. मी शुद्ध गणित, मानवी बुद्धी वगैरे सुरुवात केली. हेडसरांचा चेहरा गाद्यांकडे वळायला लागलेला मला दिसत होता. सरांनी मला आवरलं आणि त्यांना समजेल असं उदाहरण काढलं. समजा, घोलवडला एवढे चिकू निघाले. दोन-दोनच्या पुड्या करा, सात-सातच्या करा, सतरा-सतराच्या खोक्यांत भरा, एकोणीस-एकोणीसच्या भरा. कशाही भरा, एकही चिकू उरत नाही.

हेडसर खूश झाले. मान डोलवायला लागले. महेशचे मामा घोलवडला चिकूच्या पॅकिंगलाच. त्याला राहवलं नाही.

"सर, शेवटचा चिकू मोजेपर्यंत पहिला सडला असेल."

हेडसर दारापर्यंत जाऊन थांबले. वळून म्हणाले, "प्रदर्शनात हे उदाहरण देऊ नका." बस, एवढंच. पण त्या दिवशी पहिल्यांदा ते "प्रदर्शनात गेलात तर" असं म्हणाले नव्हते. मी ते एक वाक्य आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं.

•

रविवारी दुपारी जेवण झालं की वसंत सरांना जरा आडवं व्हायचं असायचं. डोंगर उतरून चालत यायचे बिचारे. एकदा त्यांनी युक्ती काढली. मुलांना म्हणाले, शहाणीला किती संख्यांनी भाग जातो, त्या सगळ्या लिहून काढा. एक, दोन, तीन, पाच, सहा, सगळ्या. आणि बाकावर पाय पसरले.

त्यांनी डोळे मिटायच्या आत सुनीता म्हणाली, "दोनशे छप्पन्न."

सर पडल्या पडल्याच म्हणाले, "लिहिल्याशिवाय?"

तिने जे सांगितलं ते मी त्यानंतर कॉलेजातल्या मुलांनाही तसंच सांगत आले आहे. आठ जणांना एकेक करून विचारायचं, येतोस का? दोनला विचारलं, तो हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, झाले दोन प्रकार. तीनला विचारलं, चार झाले. पाचला विचारलं, आठ. प्रत्येकाला विचारलं की दुप्पट. आठव्याला विचारून होईपर्यंत दोनशे छप्पन्न. जे आले त्यांचा गुणाकार करायचा, तो भागणारच.

सर उठून बसले. "आणि कुणीच आलं नाही तर?"

"तर एक. तो न बोलावता सगळ्यांकडे असतोच."

सरांनी चपला घातल्या. मला म्हणाले, "ताई, हिला यापुढे दुपारचा प्रश्न सकाळीच देत जा."

•

आमच्या संख्येत एक गंमत लपलेली होती. सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार एक हजार एक. आणि कुठल्याही तीन आकडी संख्येला एक हजार एकने गुणलं की तीच संख्या दोनदा लिहिलेली मिळते. महेशला हे कळल्यापासून तो गावभर जादूगार होऊन फिरत होता.

तलासरीहून उधव्याला येणाऱ्या एसटीत त्याने कंडक्टरला गाठलं. मनात तीन आकडी संख्या धरा, कागदावर दोनदा लिहा. कंडक्टरने लिहिलं ३५४३५४. आता सातने भागा. बाकी उरणार नाही. आलेल्याला अकराने भागा. नाही उरणार. आता तेराने. कंडक्टर दांड्याला पाठ टेकवून भागत राहिला, तीन स्टॉप गेले. शेवटी उत्तर आलं ३५४.

महेश टाळीची वाट बघत होता. कंडक्टरने कागदाकडे पाहिलं, महेशकडे पाहिलं.

"माझीच संख्या मला परत दिलीस. हेच करायचं होतं तर नेलीस कशाला?"

पण गडी मनातून घायाळ झाला होता. पुढच्या आठवड्यात मी त्याच बसमध्ये चढले, तर कंडक्टर स्वतःच एका प्रवाशाला भागाकाराला बसवून त्याच्या कागदात डोकं घालून उभा होता. उधवा आलं. गाडी उभी. उतरणारे उतरले, चढणारे चढले. बेल काही वाजेना. ड्रायव्हरने मान वळवून विचारलं, "तेराने भागून झालं का? सोडू का गाडी?"

•

प्रदर्शनासाठी एक मोठा कापडी फलक करायचा ठरला. सर शाळेच्या कामाने डहाणूला जाणार होते, तेव्हा बाजारातल्या पेंटरकडे त्यांनी चिठ्ठी दिली आणि आकडे मराठीत काढायला सांगितलं. वरच्या ओळीत त्यांनी मराठीतच लिहिलं होतं: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९. खाली मुख्य संख्या मात्र हाताच्या सवयीने इंग्रजी आकड्यांत पडली: 9699690. मास्तर लोक मार्क इंग्रजीत मांडतात, त्यातला प्रकार.

फलक हातात आला तो प्रदर्शनाच्या दिवशीच सकाळी. आम्ही मुलांना घेऊन बसने डहाणूला पोचलो, दुकानासमोर फलक उलगडला. सुरेख लाल अक्षर, पिवळी किनार आणि मधोमध १६११६१०.

इंग्रजी नऊ आणि मराठी एक! पेंटर जराही गडबडला नाही. चिठ्ठी पुढे केली आणि म्हणाला, "वरच्या अकरामधला एक बघा, आणि हा खालचा बघा. एकच आहे." खरंच एकच होता. सहा इंग्रजी आहे हे त्याला कळलं होतं, तो त्याने स्वतः होऊन मराठी करून दिला होता.

नवीन फलक रंगवून वाळायला दोन दिवस लागणार होते. प्रदर्शन अर्ध्या तासात सुरू होणार होतं. हेडसर आधीच मांडवात पोचले होते. मी फुटपाथवरच सरांना नको ते बोलायला लागले; खोली, गाद्या, इतक्या महिन्यांची मेहनत, सगळं एका दमात. सर बिचारे चिठ्ठीकडे बघत उभे.

पाठीमागे वेगळंच चाललं होतं. मुलं फलक जमिनीवर पसरून त्याच्याभोवती बसली होती. सुनीताने आकड्यांची बेरीज केली, सोळा आली. म्हणाली, "तीन गेला." मग सतराने बघितलं, एकोणीसने बघितलं. तेही गेले. दोन आणि पाच होते. सात, अकरा, तेरा तर ठाण मांडून होते, कारण हीसुद्धा एक हजार एकच्याच घरातली निघाली, त्याची १६१० पट. मग महेशने उरलेलं भागलं आणि बोंब ठोकली की सात दोनदा आहे. आणि मधेच तेवीस.

वर्गाची हजेरी घ्यावी तशी त्यांनी यादी केली. तीन, सतरा, एकोणीस गैरहजर. सातने दोनदा हजेरी लावली. तेवीस दुसऱ्या शाळेचा, इथे येऊन बसला.

सुनीता माझ्याकडे आली. "ताई, हिला फेकू नका. ही शहाणीची तोतया आहे. दोघींना शेजारी लावू. लोकांना सांगू, ओळखा."

आमचा स्टॉल मांडवाच्या टोकाला, स्वच्छतागृहाकडे जायच्या वाटेवर होता. कुणी थांबायचं कारण नव्हतं. पण लाल-पिवळी तोतया, शेजारी कार्डशीटवर स्केचपेनने लिहिलेली शहाणी आणि खुर्चीवर चढून "खरी कोण, खोटी कोण" ओरडणारा महेश! दुपारपर्यंत आमच्यापुढे एवढी गर्दी झाली की शेजारच्या ज्वालामुखीवाल्या शाळेने तक्रार केली.

वसंत सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "फलकाची कल्पना माझी."

•

परीक्षक आले ते गर्दी ओसरल्यावर. कॉलेजातून निवृत्त झालेले, बारीक आवाजाचे गृहस्थ. हेडसर त्यांच्या मागे उभे. तोतयाची गोष्ट ऐकून परीक्षक हसले, आणि मग त्यांनी कार्डशीटवरच्या ओळीवर बोट ठेवलं: 'आठही मूळ संख्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या.'

"याहून लहान नाहीच, हे कशावरून? सगळ्या तपासल्यात का?"

त्यांनी विचारलं होतं सुनीताला. ती गप्प. वर्गात असायची तशी गप्प, नजर खाली. अनोळखी माणूस, शुद्ध मराठी, मागे हेडसर. मला उत्तर येत होतं. सामाईक विभाजक नसले की लसावि म्हणजे गुणाकारच, एका वाक्याचं काम. मी तोंड उघडलं. सरांनी माझ्या हातात सोललेला चिकू ठेवला.

"खा," म्हणाले. "गोड आहे."

तोंडात चिकू असला की बोलता येत नाही. माझ्यावर वसंत सरांचे जेवढे उपकार आहेत, त्यात मी तो चिकू पहिला धरते.

सुनीताने कार्डशीटची कड बोटाने सरळ केली. मग तिने मान वर न करता सुरुवात केली. चार आणि सहा असते, तर चोवीसपर्यंत जायला लागलं नसतं, बारातच भागलं असतं, असं ती म्हणाली. परीक्षक म्हणाले, बरोबर, पण का?

"चार आणि सहा एका ताटात जेवतात, सर. दोघांच्यात दोन आहे. एक ताट कमी लागतं." आता तिने वर पाहिलं. "ही आठ जणं तशी नाहीत. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. आठ ताटं मांडावीच लागतात."

"आणि समजा, एक कमी मांडलं?"

"तर कुणीतरी उपाशी उठेल," सुनीता म्हणाली. "आमच्यात तसं करत नाहीत."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिला नमस्कार केला आणि पुढच्या स्टॉलकडे गेले. बक्षीस ज्वालामुखीला मिळालं.

परतीला हेडसरांनी जीप केली होती. ते पुढे, आम्ही सगळे मागे कोंबलेले, तोतयाची गुंडाळी सगळ्यांच्या मांडीवर आडवी. डहाणू सुटलं, घोलवडचा फाटा गेला. बक्षीस हुकलं होतं आणि खोलीचा विषय काढायची माझी हिंमत होत नव्हती. तलासरी जवळ आलं तेव्हा हेडसरांनी मान न वळवता विचारलं, "सुनीता, रविवारी किती वाजता असतं तुमचं?"

"दहाला, सर," सुनीता म्हणाली. "पण उशिरा आलं की मागे बसावं लागतं."